माझ्या बाजूचा ब्रेक

तीर्थरूप ताई,

दमलेल्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे आता ताळ्यावर आले असतील. भावोजींचा खोकला गेला की मुक्कामालाच आहे, ते कळव. इथे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

तुला ठाऊकच आहे, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. इतकी वर्षं तो दाबून दाबून माझा उजवा पाय आता माझं ऐकेनासा झाला आहे. न्हाव्याचा वस्तरा गळ्याजवळ आला की तो दाबतो, तुझी भावजय जिना उतरायला लागली की दाबतो. एवढ्यावर भागलं असतं, पण मी आमच्या दोन मास्तरांच्या शिकवणीलाही मागच्या सीटवर बसून सूचना करायचो. (मास्तर चांगले आहेत, पण गाडी शेवटी माझी.) एक दिवस लेक (तीही आमच्याच स्कूलमध्ये शिकवते) डबा भरता भरता म्हणाली, "बाबा, हे असंच चालणार असेल तर मी चौकापलीकडच्या स्कूलमध्ये शिकवायला जाते. तिथला मालक गाडीत मागे बसत नाही." हे स्कूल पुढे तिनेच चालवावं, एवढी एकच हौस उरली आहे मला. तिचं म्हणणं, माणसांवर भरवसा टाका आणि तुम्हाला भीती वाटते हे त्यांना सरळ सांगा. मालकाने कच्ची बाजू दाखवली की माणसं जवळ येतात.

जवळ आली, ताई. अगदी अंगावर आली. सोमवारी चहाच्या वेळी मी म्हणालो, "मला भीती वाटते." मोठ्या मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाले, त्यांना गाडी मागे घ्यायची भीती वाटते, म्हणून रिव्हर्स शिकायला ते आपले विद्यार्थी धाकट्या मास्तरांकडे पाठवतात. धाकट्याचा चेहरा उतरला. तो त्याच भीतीपायी आपले विद्यार्थी मोठ्यांकडे पाठवत होता. (मग आमचे लोक पास कसे होतात? दोघांचेही विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीत गुपचूप लेकीकडे शिकतात. हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मी मालक ना.)

मग भरवसा. लेकीच्या देखत मी ब्रेकवरून पाय काढला आणि सीटवर चक्क मांडी घालून बसलो. गाडी चालवत होत्या औषधाच्या दुकानातल्या बाई. चढावर गाडी बंद पडली, मागे सरकायला लागली, मी डोळे मिटले, आणि आम्ही कचरापेटीला टेकून थांबलो. बाईंनी हँडब्रेक ओढला आणि माझा हात थोपटून म्हणाल्या, "सर, घाबरू नका, मी आहे ना." मागे लेक हसत सुटली. तिला इतकं मनापासून हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. घरी येताना म्हणाली, जायचं की राहायचं ते ठरवायला थोडा वेळ हवा. मला फार बरं वाटलं, पण मांडी सोडून उठताना कंबर धरली.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : भीती वाटते म्हणालो खरा, पण कशाची ते नाही सांगितलं. कडेने येणारी सायकल मला हल्ली अगदी समोर आल्यावरच दिसते. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू म्हणतात. गाडी चालवणं बंद, शिकवणंही बंद.

ता. क. २ : हे लेकीला तूच सांग. तुझं ती ऐकते. माझी दया येऊन तिने थांबायला नको, आणि जायलाही नको.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलेलं नाही. पेटीत टाकायला लेकीकडेच देतोय. दुसऱ्यांची पत्रं वाचायची तिला लहानपणापासून खोड आहे, हे तुला ठाऊक आहेच.