न पाहिलेली घरझडती

सोलापूर, २ मार्च १९७६

मथुराक्का,

उद्या कोर्टात माझी साक्ष. सकाळपासून तीन पंक्चरं काढली, तिन्ही परत सुटली.

चौकीसमोर माझं सायकलचं दुकान, म्हणून फौजदारांना पंच लागला की मलाच हाक. त्या दिवशीही कोऱ्या कागदावर सही ठोकली. मजकूर त्यांनी मागाहून लिहिला: मानसिंगच्या घरझडतीत माझ्यादेखत सुरा सापडला. तुमच्या भीमरावांचा जीव घेतला तोच सुरा. अन् मी ते घरसुद्धा पाहिलं नव्हतं!

सरकारी वकील म्हणतात, पंच फिरला की सुरा पुराव्यातून गेला आणि मानसिंग सुटला. म्हणून काल त्याच्या गावी, मंद्रूपला गेलो. कशाला? घर बघून ठेवायला, खोटं नीट बोलता यावं म्हणून.

दारात त्याची आई, बजाबाई. मला कोर्टातला माणूस समजली. पाणी दिलं आणि आपणहून म्हणाली, "सुरा माज्या लेकाचाच हाय. चुलीमागं व्हता. पर फौजदार एकलेच आलते की, पंच कुणी न्हवता."

अक्का, पोटच्या पोराच्या जिवावर येईल असं खरं ती बाई बोलून गेली. तिचं पाणी पिऊन आता मी खोटं कसं बोलू?

मानसिंग सुटेल. माझ्या तोंडानं सुटेल. उद्या पुढच्या बाकावर बसू नका, एवढंच सांगायचं होतं. पण हे पत्र द्यायची छाती नाही, म्हणजे तुम्ही तिथंच बसणार, माझ्याकडं भरवशानं बघत.

तुमच्या भिंतीपलीकडचा,
बंदेनवाज सायकलवाला