न रंगलेले दात

दारव्हा, बुधवार

प्रिय मोनाली,

ती जांभळांची दुपार तुला आठवते का? तू दुसरीत होतीस, सुट्टीत माझ्याकडे आलेली. आठवडी बाजारातून आणलेली जांभळं आपण मागच्या पायरीवर बसून संपवली आणि स्टीलच्या ताटात आपापलं तोंड बघितलं. तुझे ओठ, जीभ, दात सगळं जांभळं. माझी जीभही तशीच, पण समोरचे दात मात्र पांढरेशुभ्र. तू माझ्या तोंडात जवळजवळ डोकंच घातलंस. "आत्या, तुह्या दाताले रंग काहून नाही लागत?" मी म्हटलं, आत्याच्या दातांना जांभूळ घाबरतं. पुढे आठवडाभर तू घरोघरी सांगत फिरलीस, मोठी झाल्यावर मले आत्यासारखे दात पाह्यजे.

तेच वाक्य काल तुझ्या वडिलांकडून पुन्हा ऐकलं. राजदीप म्हणाला, ताई, शुक्रवारी मोनालीचे आठ दात मशीननं घासून बारीक करून त्यांवर कॅप बसवणार आहेत, अगदी तुझ्यासारखे दिसतील. रविवारी साक्षगंधात नयन तिला अंगठी घालेल, त्याआधी सगळं होऊन जाईल. तो फोनवर खुशीत सांगत होता.

दातांच्या तारा निघाल्यापासून तू ओढणी तोंडावर धरून बसली आहेस, हे मला कळलं. प्रत्येक दातावर मधोमध जुन्या रंगाचा एक चौकोन आणि त्याच्याभोवती खडूसारखा पांढरा डाग. तुझी आई म्हणते, "तारेनं माह्या पोरीचे दात खाल्ले." कॅपचा हट्टही तिचाच. आजी म्हणते, राखेनं घास. तू लिंबू-मीठ घेऊन हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासलंस. मोना, ते लिंबू आधी थांबव.

तुझ्या तारा बसवणाऱ्या डॉक्टरबाईंना मी मागच्याच आठवड्यात मुद्दाम यवतमाळला जाऊन विचारलं. तार रंग लावत नाही. तारेसाठी दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या कडेला अन्न साचतं, ब्रश पोचत नाही, आणि तिथला दात कमजोर होऊन पांढरट पडतो. तुकड्याखालचा भाग झाकलेला, म्हणून जसाच्या तसा. भिंतीवरची तसबीर काढली की मागे जुना रंग दिसतो ना, तसंच. त्या म्हणाल्या, मलम लावा, नीट ब्रश करा, सहा महिने धीर धरा. बरेच डाग फिके होतात. उरले तर त्यावरही मशीन न लावता इलाज आहे. मशीननं घासलेला दात मात्र परत येत नाही.

आणि नयनसमोर लपवायचं तरी काय? तो तुला बघायला आला तेव्हा तोंडभर तारा होत्या. वरणातल्या हळदीनं त्यांच्यावरची पारदर्शक रबरं पिवळीधमक झाली होती. तूच त्याला म्हणालीस, "माह्या दाताईले आधीच हळद लागली." तो पोहे खाता खाता ठसकला. त्या हसण्यावर त्यानं होकार दिला, चौकोनांवर नव्हे.

आता माझं ऐक. आमच्या गावच्या हातपंपाच्या पाण्यानं आम्हा सगळ्या पोरींच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. कॉन्व्हेंटमध्ये रोज प्रार्थनेआधी सिस्टर नखं आणि दात बघायच्या. मला रांगेतून काढून पुन्हा दात घासायला पाठवायच्या. पट्टे जायचे नाहीत. मी हात तोंडावर ठेवून बोलायला शिकले. पुढे दोन स्थळं परत गेली, तेव्हा तुझ्या आजीनं मला नागपूरला नेलं. चार धडधाकट दात घासून त्यांचे खुंट केले आणि वर कॅप चढवल्या. तुला आवडलेले दात ते. जांभूळ त्यांना घाबरत नव्हतं गं, ते दातच नव्हते. तुझ्या आतोबांनी माझे खरे दात कधीच पाहिले नाहीत. एकदा त्यांनी माझा शाळेतला फोटो मागितला होता. मी म्हटलं, हरवला. तो न पाहताच ते वारले.

तू कुणाचाच फोन उचलत नाहीस आणि मी तुला करत नाही, म्हणून राजदीपला वाटतं आपलं भांडण झालं. तसं नाही. कॅपखालचे खुंट सडले होते. परवा माझे समोरचे चारही दात काढले. तोंड सुजलंय, शब्द निघत नाही, म्हणून हे पत्र. रविवारी मी अशीच येणार, बोळक्या तोंडानं, आणि फोटोत हात न लावता हसणार. या पत्रासोबत पिशवी पाठवली आहे. मलमाची ट्यूब तुझी. न हरवलेला शाळेतला फोटो नयनला दाखव, मग तुझ्याजवळच ठेव. आजीला म्हणावं, माझ्यासाठीही मऊ भात ठेव, आता दोघींचं तोंड सारखंच. आणि तळाशी लहान डबी आहे. तिच्यात माझ्या चार कॅप आहेत, अजून पांढऱ्याशुभ्र. त्या तुझ्या आईच्या तळहातावर ठेव. काही बोलू नकोस. फक्त शुक्रवारच्या आधी ठेव.

तुझीच,
यशोधरा आत्या