पेटवलं ते दलाने

३ जानेवारी २०२०, शुक्रवार
शेजारच्या नेव्हिल आणि डल्सीचं घर गेलं! धुराडं तेवढं उभं आहे. वणव्याची आग खिंडीतून उतरत होती. तिला पुढे खायला काही उरू नये म्हणून आमच्याच गावकऱ्यांच्या अग्निशमन दलाने नेव्हिलच्या कुंपणापासून समोरून पेटवत नेलं. घर मधे सापडलं. वारा फिरला असणार. पण खालचा सगळा गाव वाचला — चर्च, दुकानं, मी शिकलो ती एका खोलीची शाळा. माणूस एकही गेला नाही. देवाची कृपा.

पेटवायची झारी, जळतं तेल गाळत जाणारी, टेगनच्या हातात होती. माझ्या लेकीच्या. घरी आली तेव्हा भुवया जळलेल्या. "बाबा, गाई?" — पहिला शब्द हा! "गाई ठीक," म्हटलं. बसल्या जागी झोपली. बूट तिच्या आईने काढले.

५ जानेवारी, रविवार
रस्त्यावरून कुणीतरी फोटो काढला होता. पिवळा कोट, पाठमोरी आकृती, झारीतून आग गळते आहे. डल्सीने तो गावाच्या फेसबुक पानावर टाकला — "माझं घर जाळणारा हा कोण? नाव सांगा."

संध्याकाळपर्यंत अख्खा देश त्या फोटोखाली भांडत होता. एक म्हणतो, झाडांचा पुळका असलेल्यांनी जंगल साफ करू दिलं नाही. दुसरा म्हणतो, कोळसा जाळून हवा तुम्हीच तापवलीत. तिसरा म्हणतो, आगी लावणाऱ्यांना फाशी द्या. पर्थच्या एका बाईने लिहिलंय, "ह्याला त्याच आगीत ढकला." तिच्या स्वतःच्या फोटोत मांडीवर नातवंड आहे!

सकाळी चर्चमध्ये शांती म्हणून हात हातात घ्यायची वेळ आली, तेव्हा डल्सीने माझाच हात घेतला. तिला माहीत नाही. मला तिच्याकडे बघवेना.

८ जानेवारी
झारी कुणाच्या हातात होती हे दलाबाहेर बोलायचं नाही, ही इथली रीत. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची. पत्रकार आले तर ड्यूगलचं, आमच्या कप्तानाचं, एकच वाक्य — "पेटवलं ते दलाने." पुढे तोंड बंद.

दलातल्या बॅझला मात्र राहवत नाही. टायरचं दुकान त्याचं, वजन शंभराच्या वर. त्याने फोटोखाली लिहिलं, "ही रुंद पाठ माझीच, ओळखली नाहीत का?" बंबघरात सगळे पोट धरून हसले. टेगनसुद्धा! "बॅझकाका, तुझा कोट मला तंबू म्हणून होईल."

मी एक लांबलचक उत्तर लिहून ठेवलं होतं. टेगनने पाहिलं.
"नको टाकूस, बाबा."
"अगं, गाव वाचवलास हे कुणी सांगायचं मग?"
"कुणी नाही. डल्सीकाकूचं घर गेलंय. तिला रागवायला कुणीतरी हवं ना?"

पुसून टाकलं. पण छाती भरून आली, हे इथे लिहायला हरकत नाही.

१० जानेवारी
आज पुन्हा बंबावर गेली. पाठ वळवून चढली. मला तर लांबूनही ओळखता येते.

११ जानेवारी
बॅझची थट्टा लोकांनी खरी मानली! बाहेरगावच्या कुणीतरी त्याच्या दुकानाच्या काचा फोडल्या. पानावर त्याच्या घराचा पत्ता. त्याची बायको फोनवर रडत होती. तो म्हणतो, "काचाच आहेत रे." टेगन जेवली नाही.

१२ जानेवारी, रविवार
गावाच्या सभागृहात बैठक. डल्सी उभी राहिली. "कोण होतं ते?"
"दलाने पेटवलं," ड्यूगल.
"दलाला हात असतात का रे, ड्यूगल? की आता बॅझच्या काचांवर भागवायचं?"

नेव्हिल तिच्या शेजारी, मांडीवरच्या टोपीकडे बघत. तेवढ्यात टेगन उठली. "काकू, मी होते. बॅझकाकाला सोडा."

डल्सी तिच्याकडे वळली. म्हणाली, "तू? माझ्या व्हरांड्यात चालायला शिकलीस गं तू!"
"हो, काकू."

बस्स. वाऱ्याला दोष नाही, हुकमाचा आडोसा नाही. डल्सी निघून गेली. नेव्हिल मात्र किती तरी वेळ खुर्चीतून उठला नाही.

आता टेगनचं नाव सगळीकडे आहे. काय काय लिहितायत! वाचायचं नाही असं ठरवून वाचलं. मग गोठ्यात जाऊन गुडघे टेकले. तिला सांभाळ म्हणालो. आणि अशी लेक दिलीस म्हणून आभारही मानले. दोन्ही एका दमात.

१३ जानेवारी
पहाटे फोटोखाली नेव्हिलने लिहिलंय. आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं असेल त्याने तिथे —

"ह्या मुलीने मला आधी विचारलं होतं. म्हणाली, वरच्या रस्त्यापासून पेटवलं तर तुमचं घर वाचेल, पण आग बगलेने उतरून खालचा गाव जाईल. कुंपणापासून पेटवलं तर गाव वाचेल, घर जाईल. मी म्हणालो, पेटव. बायकोला सांगायची छाती झाली नाही. म्हणून ही पोर गप्प राहिली. रात्री डल्सीला सांगितलं. आता तुम्हाला सांगतो."

टेगनला वाचून दाखवलं. ती दूध काढत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगितलं का त्यांनी? बरं झालं. काकू कशी आहे?"