दादाचा खास फोल्डर

चि. ढब्बू यास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. (पत्र पूर्ण वाचून झाल्यावरच घ्यावेत.) तुझी तब्येत उत्तम असणारच, दुसऱ्याच्या डोक्याला ताप देणाऱ्यांची ती असतेच. माझी विचारशील तर रक्तदाब चढलेला आहे, आणि त्याचं सगळं श्रेय तुला आहे.

तू मागे माझ्या शिवणाच्या दुकानात आलास, कॉम्प्युटरपुढे ठाण मांडलंस आणि म्हणालास की आत्या, तुझं ईमेल म्हणजे नुसता उकिरडा झालाय. ऐकून घेतलं. मग तू कापडवाल्यांचा एक फोल्डर केलास, गिऱ्हाइकांचा एक, आणि तुझ्या पूज्य वडिलांचा, म्हणजे माझ्या दादाचा, खास वेगळा. वडीलधाऱ्यांची पत्रं गर्दीत नकोत म्हणे. केवढा तो आदर! पण तुझा तो दीडशहाणा प्रोग्रॅम फक्त दाराशी पडलेलं टपाल बघतो, आतल्या फोल्डरांत परस्पर गेलेल्या पत्रांची साधी चौकशीही करत नाही, हे सांगायला तुझी जीभ झिजली असती का रे?

आता त्याचा परिणाम ऐक. दादाच्या दिवाणखान्याचे पडदे मी शिवले, ते वीतभर आखूड झाले, आणि त्याने सगळ्या पाहुण्यांदेखत 'हिला माप कळत नाही' म्हणून माझी शोभा केली, ते तू पाहिलंसच. (माप त्याने स्वतः घेऊन कळवलं होतं. टेप कुठल्या टोकाने धरली होती, देव जाणे.) मी तडक निघून आले. वाटलं, राग निवला की चार ओळी पाठवेल. रोज दुकान उघडलं की दिवा लावायच्या आधी ईमेल बघायचे. कोरडं ठणठणीत. माझी खात्रीच पटली की दादाने मला टाकलं. तुला हसू येईल, पण शिवताना मधेच डोळे भरून यायचे, आणि शिवणयंत्रावर रडणं परवडत नाही, सुई बोटात जाते.

शेवटी परवा शेजारच्या छपाईवाल्या बाईंना माझी दया आली. त्या सेटिंगमध्ये शिरल्या आणि 'सगळे फोल्डर आपोआप तपासावेत' यावर खूण करून निघून गेल्या. झालं! मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेत होते, तोच कॉम्प्युटरची घंटा वाजायला लागली ती थांबेचना. कचऱ्यात टाकलेली पत्रं वाजली, जाहिराती वाजल्या, कापडवाल्याचे जुने तगादे वाजले. मी धावत जाऊन दिसेल ते उघडायला लागले. त्यात एक पत्र इतकं उर्मट, की मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'तुझ्यासारखा हेकट माणूस जन्मात पाहिला नाही', असली भाषा! मला असं लिहिणारा हा कोण टिकोजी म्हणून खाली पाहिलं, तर सही माझीच. मीच दादाला लिहून, न पाठवता मसुद्यांत ठेवलेलं होतं. गिऱ्हाईक तेवढ्यात अर्ध्या मापावर निघून गेलं.

तेव्हा रविवारी सकाळी ये आणि तुझा हा पसारा तूच निस्तर. खायलाप्यायला काही मिळणार नाही.

तुझी (नाइलाजाने),
आत्या

ता. क. रविवारी येऊ नकोस. कशालाही हात लावू नकोस.

आणखी ता. क. दादाच्या फोल्डरमधली पत्रं आता वाचली. पहिल्या काहींत नुसता तोरा आहे. शेवटच्यात लिहिलंय, "माप मीच चुकीचं दिलं. तू बोलत नाहीस तर घर खायला उठतं." मी हे वाचलंय, हे त्याला अजिबात कळू देऊ नकोस. सांग, आत्याचं ईमेल पार बिघडलंय, एकही पत्र पोचलेलं नाही, तुम्हाला स्वतः जाऊन तोंडानेच सांगावं लागेल. आणि त्याला संध्याकाळी पाठव. तेव्हा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असतं.