कापड बाजारातली काळी टोपी

नगर, शनिवार, २१ ऑक्टोबर १९७२

आजही दिवे लागेपर्यंत कापड बाजारात, आमच्या नेहमीच्या दुकानाच्या पायरीशी उभा होतो. सुमन दिसली नाही.

वडील म्हणायचे, या रस्त्यावर एका जागी उभं राहावं, अख्खा जिल्हा समोरून चालत जातो. बादशाही काळापासून म्हणे असंच. खरं आहे. दुष्काळातल्या या दिवाळीच्या तोंडावरही पाथर्डीकडची माणसं आली होती, नुसता कापडावरून हात फिरवून गेली. सगळे दिसतात. माझ्या मर्जीविरुद्ध लग्न करून याच गावात राहणारी माझी पोर तेवढी दिसत नाही. परकरापासून तिचं सगळं कापड याच दुकानातलं. दिवाळीला दुसरीकडे कुठं जाईल?

निघताना समोरची कासारीण म्हणाली, "दादा, राग मानू नका. पोर आल्ती. कालबी आल्ती. कोपऱ्यावरनं तुमची काळी टोपी दिसली, की तिथनंच माघारी फिरती."

ही टोपी. लहानपणी मीच तिला शिकवलं होतं, गर्दीत हात सुटला तर पांढऱ्या टोप्यांतली काळी टोपी शोध.

सुमनच्या आईला काय सांगू? उभा राहिलो तर पोर येणार नाही. न राहिलो तर दिसणार नाही.

उद्या टोपी घालणारच नाही. सुतक्यासारखा बोडक्यानं उभा राहीन. ओळखीचे थांबून विचारतील, घरात कोण गेलं? विचारू देत. कोपऱ्यावरून तिलाही तसंच वाटलं, तर घाबरून तरी जवळ येईल.