खेळाडूचं ताट

अक्का, परवा तुमच्या नातीच्या नावाने एक खोकं आलं. त्यात निघालं ते असं. निळा ट्रॅकसूट एक, पाठीवर कंपनीचं नाव. बूट एक जोड. खेळायचे शर्ट दोन, त्यांवर पुढे आणि मागे दोन्हीकडे कंपनीचं नाव. मोजे दोन जोड. गुडघ्यावर चढवायचे जाड पट्टे दोन. आणि टाइप केलेला तीन पानी कागद, पालकांच्या सहीसाठी. खर्च म्हणाल तर स्टँडपर्यंत रिक्षा आठ रुपये, येताना पायी, आणि हमालाने नुसता हात लावला तरी मागितला म्हणून एक रुपया. बाकी सगळं फुकट. तिन्हीसांजेचा दिवा लावून हिशेबाला बसले, नऊ रुपये मांडले आणि हात थांबला. आलेल्या वस्तूंची किंमत काय लिहू? बुटाच्या डब्यावरची चिठ्ठी कोणीतरी नखाने खरवडून काढली होती. तुम्ही असता तर सरळ विचारलं असतं, एवढं फुकट कोण देतं आणि कशापायी. मी विचारलं, तर तेव्हापासून घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

नीट सांगते. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि कबड्डी खेळते. अंगाने तुमच्यावर गेलीय, रुंद खांदे, आणि समोरच्या पोरीचा घोटा एकदा हातात आला की सोडत नाही. आम्ही जळगाव सोडून धुळ्याला आलो, तुमचे चिरंजीव इथे एका जिनिंगमध्ये कारकून आहेत. मागच्या महिन्यात कॉलेजांच्या सामन्यांत नाशिककडच्या एका कंपनीच्या माणसाने पोरीचा खेळ पाहिला आणि तिला त्यांच्या संघात बोलावलं. कंपनी रंग बनवते, भिंतींना आणि दारांना द्यायचा. रंग विकायला कबड्डीचा संघ कशाला लागतो हे मला आधी कळेना. मग पोरीनेच समजावलं. संघ जिंकला की पेपरात फोटो येतो, फोटोत शर्ट दिसतो, शर्टावर नाव असतं, आणि जाहिरात छापण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. हे मात्र मला लगेच पटलं. हाच हिशेब मी तुमच्या खानावळीत पाहिलेला आहे.

कंपनी राहायला देणार, जेवायला देणार, तिथल्या कॉलेजची फी भरणार, वर महिन्याला हातखर्च. दुसऱ्या पानाच्या तळाशी मात्र एक ओळ आहे, की हे सर्व ‘खेळाडू म्हणून उपयुक्त असेपर्यंत’. त्या ओळीवर मी अडले.

“आई, कर ना गं सही. निवडलेल्या बाकीच्या चौघींच्या घरी त्याच दिवशी झाल्या.”

“वाचू तर दे.”

“तीनदा वाचलंस. पाठ करून म्हणून दाखवायचाय का?”

“हे उपयुक्त असेपर्यंत म्हणजे काय? गुडघा गेला तर?”

“बघा ना पप्पा! लोक पेढ्यापासून सुरुवात करतात, ही गुडघ्यापासून करते.”

तुमचे चिरंजीव हसले. म्हणाले, “अगं, आज आपण फी भरतो आणि ती खेळते. तिथे ते फी भरतील आणि ती खेळेल. तुला तोटा दिसतोय कुठे?” मला तोटा दिसत नव्हता. मला ते दोन पट्टे दिसत होते. देणाऱ्याला गुडघ्याचं ठाऊक आहे, म्हणून तर पट्टे दिले. मग कागदात गुडघा का नाही?

आणि मग मला तो भडगावकडचा पोरगा आठवला. तुम्हालाही आठवत असेल.

मी तेव्हा नवी होते. मॅट्रिक झालेली सून म्हणून खानावळीचा हिशेब तुम्ही माझ्याकडे दिला होता, आणि जिमखान्याचे सर पहिल्यांदा आले तेव्हा मी कोपऱ्यात टाक घेऊन बसले होते. कॉलेजने खेड्यांतून कबड्डीची पोरं आणली होती. फी माफ, राहायला वसतिगृहाची मागची खोली, जेवण आपल्याकडे. सर म्हणाले, “अक्का, सगळ्यांना जो दर तोच लावा.” तुम्ही पोळपाटावरून मान वर न करता म्हणालात, “तुमना पोरे भाकरी मोजतस का? मंग मी एकच दर कसा लावू?” सर हसले, पण दर वाढवून गेले. त्यांच्या खिशातून थोडाच जायचा होता? पैसे द्यायचे सावद्याचे एक केळीचे आडतदार. पोरांच्या बनियनवर त्यांच्या आडतीचं नाव होतं. जिथे सामना तिथे त्यांचा कापडी फलक. सामन्याला तिकीट, गॅलरीचं जास्त, जमिनीवर बसायचं कमी. ढाल कॉलेजच्या ऑफिसात जायची, रोख बक्षीस जिमखान्यात, आणि पोरांना एकेक स्टीलचा डबा. माझ्या डोक्याला सवयच तशी, मी वाढता वाढता बेरीज करायची. एका चढाईवर किती घरं चालतात! मंडपवाला, चहावाला, फलक रंगवणारा, आपली खानावळ. आपणही त्यातलेच होतो, अक्का. हे मी विसरत नाही.

तुमची एक रीत होती. आधी देवाचं ताट. मग पंगत. आणि शेवटच्या पाटापर्यंत वाढून होईतो कोणी घास मोडायचा नाही, मग त्याची गाडी सुटत असली तरी. तुम्ही दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “बठ्ठास्ले वाढाई गयं का?” मी ‘हो, सगळ्यांना वाढलं’ म्हटलं की मगच हात ताटाला लागायचे. कोर्टातले कारकून कुरकुरायचे. कबड्डीची पोरं मात्र ओठ दाबून हसायची आणि थांबायची.

तो पोरगा त्यांच्यातला सगळ्यात चपळ. सहा बट्ट्या खायचा. फायनलच्या आधीच्या सामन्यात चौघं त्याच्यावर पडले आणि त्याचा गुडघा फिरला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी नवा पोरगा आला आणि सरांचा निरोप आला, की नव्याचं ताट सुरू करा, जुन्याचं बंद. कोणी दुष्टपणाने केलं नव्हतं. ठरलं होतं तसंच होतं. जेवण खेळाडूचं होतं, आणि तो आता खेळाडू नव्हता. परीक्षेला अजून बरेच महिने होते. पोरगा दोन दिवस आपल्या ओट्यावर पाय लांब करून बसून होता आणि केळी खात होता. घरी जा म्हटलं तर म्हणाला, “घरी गेलो की बाप म्हणेल, आता इथंच राहा.”

मला दया आली. मी हळूच तुम्हाला म्हटलं, देवाचं ताट रोज काढतोच, ते त्याला देत जाऊ, कोणाला कळणारही नाही. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की हातातली तुपाची कथली निसटली. “देवनं ताट देवनं,” म्हणालात. “पोऱ्याले भिकारी नको करू.” मला राग आला होता. मला वाटलं, मी धर्माचं सांगतेय आणि या पैशाचं पाहतात.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी आडतदार भाऊ स्वतः पंगतीला आले, दोन माणसं घेऊन, सरही होते. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. तुम्ही मला सांगितलंत, एक पाट जास्त मांड, भाऊंच्या बरोबर समोर. त्यावर तुम्ही त्या पोराला आणून बसवलंत, पाय लांब करून. सगळ्यांना वाढून झालं. मी वाडगं घेऊन त्याच्याकडे वळले तर तुम्ही मनगट धरलंत. मग चौकटीशी जाऊन नेहमीचं विचारलंत आणि स्वतःच उत्तर दिलंत, “नही.”

तूप थिजायला लागलं. भाऊ म्हणाले, “अक्का, सांगा ना सुरू करायला. बट्टी गार होतेय.”

“एक ताट बाकी शे, भाऊ.”

“मग वाढा की.”

“त्याचं बंद आहे अक्का,” सर हळूच म्हणाले, “आपण नंतर बोलू.”

“नंतर बट्टी दगड व्हई जाई, सर.”

पोरं हसली. भाऊंनी त्या पोराकडे नीट पाहिलं. “हा कोण?” त्यांना खरंच माहीत नव्हतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. “गुडघा गया तवय याना अंगवर तुमनं नाव व्हतं,” म्हणालात.

मग भाऊ म्हणाले, “वाढा. माझ्याकडे मांडा.” मी वाडगं उचललं, तर तुम्ही पुन्हा अडवलंत.

“आजनं की रोजनं?”

भाऊ लिलावात मुरलेले. डोळे बारीक करून म्हणाले, “महिनाभर.”

“परीक्षालगून.”

“अक्का, तुम्ही आडतीवर बसायला पाहिजे होतं,” ते म्हणाले आणि हसले. “बरं. परीक्षेपर्यंत.” तेव्हा तुम्ही माझं मनगट सोडलंत.

दुसऱ्या दिवशी फायनलला लाउडस्पीकरवर पुकारलं की आडतदार भाऊंनी जखमी खेळाडूच्या जेवणाचा भार उदारपणे उचलला आहे. त्या पोराला मैदानात उभं केलं, काठीसकट, फलकाच्या पुढे. टाळ्या पडल्या. खानावळीच्या ओट्यापर्यंत आवाज येत होता. मी म्हटलं, बघा, याचीही जाहिरात केली. तुम्ही वाल निवडत होतात. “बोलू दे त्याले. पोऱ्यानं पोट भरस ना?” एवढंच.

पोट भरलं. परीक्षेला बसला, पास झाला. इथपर्यंतची गोष्ट मी पोरीला कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी तुमचा जयजयकार करून संपवली आहे. पण तिला न सांगितलेलं एक आहे. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी पाचोऱ्याच्या स्टँडवर तो मला दिसला. जरा लंगडत होता, बरोबर बायको, हातात पिशवी, कपडे चांगले. मी ओळखीचं हसले. त्याने मला पाहिलं, ओळखलं, आणि तोंड फिरवून बसमध्ये चढला. तेव्हा मी मनात म्हटलं, अन्नाला जागला नाही.

परवा ते पट्टे हातात घेऊन बसले तेव्हा ती पंगत मला वेगळीकडून दिसली. मी आजवर तुमच्याकडे आणि भाऊंकडेच पाहत होते. आता मी त्याला पाहते. पंधरा-सोळा जण बसलेत, सगळ्यांच्या ताटात वाफ येतेय, आणि याच्यापुढे रिकामं ताट. याच्या डोक्यावरून महिना की परीक्षा असा भाव चाललाय. हा मान खाली घालून ताटाच्या काठावर बोट फिरवतोय, कान लाल झालेत. आणि वाढल्यावर त्याने एकच बट्टी खाल्ली. सहा खाणाऱ्याने एक. मी तेव्हा समजले, दुखणं असेल.

तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. तुम्ही गप्प राहिला असतात तर तो घरी गेला असता. मी देवाचं ताट दिलं असतं तर ते चार दिवस चाललं असतं आणि मग कोणाच्या तरी डोळ्यांवर आलं असतं. त्याचं होतं ते त्याच्या नावावर, उघड, तुम्हीच मिळवून दिलंत. तरी तो मला पाहून बसमध्ये चढला, हेही खरंच.

आता माझं सांगते. आज एकादशी, स्वयंपाक नव्हता, दुपार मोकळी होती. मी तो कागद पुढे घेतला आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, त्या ओळीखाली, माझ्या अक्षरात लिहिलं: खेळताना इजा झाल्यास राहणे, जेवण व फी पदवी मिळेपर्यंत चालू ठेवावी. लिहून झाल्यावर मग पुढचं डोळ्यांपुढे आलं. कंपनीकडे अशा पोरी पुष्कळ. ते हिचा कागद बाजूला ठेवतील आणि दुसरीला बोलावतील. किंवा मान्य करतील आणि चौघींत हिलाच म्हणतील, ही ती, जिच्या आईने गुडघ्याचा भाव केला. दोन्हीत खाली मान हिचीच जाणार, माझी नाही. तुमची तरी कुठे गेली होती? आणि माझी ओळ खोडून सही केली, तर त्या पट्ट्यांकडे मला रोज पाहवणार नाही.

हे पत्र जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय, आंतरदेशीय वाया घालवून काय करू. घडी करून देवघराच्या फळीखाली ठेवीन. विचारायचं ते एकच आहे. त्या संध्याकाळी त्या पोराला रिकाम्या ताटावर आणून बसवण्याआधी तुम्ही त्याला विचारलं होतं का? मी घरातच होते, पण मला आठवत नाही. विचारलं असेल आणि तो हो म्हणाला असेल, तर माझ्या मनावरचा दगड उतरेल. नसेल विचारलं, तर तेही कळू द्या.

कारण मी अजून पोरीला विचारलेलं नाही. आणि खरं सांगते अक्का, कागदावरची ती ओळ मी पेन्सिलीनेच लिहिली आहे. शाईची बाटली शेजारी आहे, पण ती ओळ तिच्या हातची असावी की माझ्या, ते मला ठरवता येत नाही. मैदानावरून यायची तिची वेळ झाली, दार वाजेल एवढ्यात. आल्यावर तिला जवळ बसवून स्टँडवरच्या भेटीसकट सगळं सांगणार आहे. त्याआधी जमलं, तर उलट टपाली कळवा.