तीन इस्त्र्या आणि एक भागाकार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच, गुडघा अजून वाकत नाही). तुझी तब्येत, तुझा खोकला आणि मुलाच्या घराचे ते तीन जिने, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. तुझं पत्र पोचलं. माझ्याशिवाय दुकान नीट चाललं असेल तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे मी इथे मुलाकडेच कायमचा राहतो, माझी खुर्ची काढून दुसरा माणूस बसव, असं तू लिहितोस. तर स्पष्ट कळवतो, की दुकान उत्तम चाललं आहे. तू गेलास त्या दिवशी बसस्टँडवर मी चारचौघांत म्हणालो होतो ना, की भागाकार काय, मलाही येतो? येतो.

आपली दुरुस्तीची रीतही मी मोडलेली नाही. मीटर मी वाचायचा, व्होल्ट आणि अँपिअर मोठ्याने सांगायचे, मग तू तुझ्या कागदावर आणि मी माझ्या कागदावर आकडेमोड करायची, आणि दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय वस्तूचं झाकण लावायचं नाही. (त्यात चूक बहुतेक वेळा माझीच निघायची, हे कबूल. तुझी तीनदा निघाली होती, तारखा माझ्याजवळ आहेत.) तू नाहीस म्हणून काय झालं? मी आधी माझ्या स्टुलावर बसून गणित करतो, मग उठून तुझ्या खुर्चीत बसतो, तू विसरून गेलेला जुना चष्मा लावतो आणि तेच गणित तुझ्या वतीने करतो. सांगायला आनंद वाटतो, की तू गेल्यापासून उत्तरं दर वेळी पहिल्या फटक्यात जुळली आहेत.

आता आपल्या ओळीतल्या त्या शिंपीणबाईंचं. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक. त्यांनी तीन जुन्या इस्त्र्या आणल्या. तिन्हीत मी नवी कॉइल घातली, मीटर लावला. दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर. मी सवयीने दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि थोडा वेळ तसाच थांबलो. समोरून कुणी हूं म्हटलं नाही. त्या थांबण्यातच घोळ झाला असावा, कारण जिथे गुणायचं तिथे मी भागलं आणि जिथे भागायचं तिथे गुणलं. वॅट आले शेहेचाळीस आणि ओहम अकराशे पन्नास, म्हणजे बरोबर उलटे. मग तुझ्या खुर्चीत बसून केलं, तर तुझंही तेच आलं. दोघांचं एकमत झाल्यावर मी कोण शंका घेणारा? सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहून इस्त्र्यांवर चिकटवल्या.

बाई हिशेबी. शेहेचाळीस वॅट म्हणजे आपल्या दिव्यापेक्षाही कमी, असं बघून त्यांनी तिन्ही इस्त्र्या एकाच वेळी लावल्या. प्रत्येकी पाच म्हणजे पंधरा अँपिअर, आणि आपल्या ओळीतल्या चारही दुकानांना मिळून फ्यूज एकच, दहाचा. तो उडाला. पलीकडे न्हाव्याचं मशीन एका गिऱ्हाईकाच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर बंद पडलं. तो गृहस्थ नोकरीच्या मुलाखतीला निघालेला. गळ्यात टॉवेल आणि अर्ध्या डोक्यावर केस, अशा अवस्थेत तो आपल्या दाराशी येऊन उभा राहिला, मागे न्हावी, त्याच्या मागे चिठ्ठी हातात घेऊन बाई. (उरलेलं डोकं न्हाव्याने कात्रीने पुरं केलं. नोकरी लागली म्हणतात.) बाईंनी रागावण्याचा अधिकार असूनही फक्त एवढंच विचारलं, "दादा कधी येणार हो?" दादा, त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. माणूस ठेवायचा का, ते सावकाश बघू.

तुझा धाकटा

ता. क. — उत्तम चाललं आहे हे वर लिहिलंय, ते खोटं आहे. खोडणार होतो, पण कागद चांगला होता. तुझ्या खुर्चीत मी गणितासाठी बसतो असं लिहिलं, तेही अर्धंच खरं. काम नसतानाही बसतो. तुझी फार आठवण येते. आकडा मोठ्याने वाचला की पुढे काही ऐकू येत नाही, तेव्हा तर जीव अगदी कासावीस होतो. बसस्टँडवर बोललो ते मागे घेतो. ये.

ता. क. दुसरा — हे पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. (मी दिलं नव्हतं.) अँपिअर म्हणजे काय ते तिने माझ्याकडून समजून घेतलं आणि गेले तीन दिवस दुपारी दुकानात येऊन आकडेमोड ती करते आहे. एकही चूक नाही. तुझ्यापेक्षा लवकर करते, आणि खोकत नाही. तेव्हा दुकानाला तुझी गरज अशी काही उरलेली नाही, दादा. तरी ये.